‘टँक साफ करणारा’ सकर आणि चंदेरी ‘शार्क’ : घरच्या टाकीत न मावणारे मिशीवाले मासे

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काचेला तोंड लावून चिकटलेला दोन इंची काळपट मासा आणि शेजारच्या टाकीत थव्याने भिरभिरणारा, अंगावर चंदेरी पट्टे असलेला छोटा ‘शार्क’ हे दोघे बहुतेक ठिकाणी दिसतातच. मग दुकान बेळगावात असो, पणजीत, इंदूरमध्ये किंवा हैदराबादमध्ये. पहिला ‘टँक साफ करतो’ म्हणून दिला जातो, दुसरा ‘रुबाबदार दिसतो’ म्हणून. दोन्ही स्वस्त, दोन्ही चिवट, आणि दोन्ही कॅटफिश, म्हणजे मिशीवाल्या माशांपैकी. दुकानदार एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाही. सकर दीड फुटापर्यंत वाढतो आणि हा ‘शार्क’ चार फुटांपर्यंत.

घरातली टाकी बहुधा दोन फुटांची असते, फार तर तीन. त्यामुळे हे मासे आणलेल्या घरात दीड-दोन वर्षांनी एकच प्रश्न येतो : आता याचं करायचं काय? त्याचं चुकीचं उत्तर तलावात, नदीत आणि विहिरीत सापडतं. म्हणून या माशांची नीट ओळख, त्यांना लागणारी जागा आणि मासा वाढून बसला असेल तर करायच्या गोष्टी इथे एकत्र दिल्या आहेत.

शार्क नव्हे, पंगस

दुकानातल्या ‘शार्क’चा समुद्रातल्या मोरीशी काही संबंध नाही. पाठीवरचा त्रिकोणी पर आणि सतत पुढे झेपावत पोहण्याची ढब यावरून त्याला ते नाव चिकटलं. त्याचं शास्त्रीय नाव पँगासियानोडॉन हायपोप्थॅल्मस. मूळचा तो थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममधून वाहणाऱ्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे बिनकाट्याचे पांढरे तुकडे मिळतात, ते आपल्याकडे बहुतेक वेळा याच माशाचे असतात. बाजारात त्याला पंगस म्हणतात. म्हणजे दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला मासा आणि ताटातला मासा एकच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला आणि पुढे आंध्र प्रदेशात त्याची मोठी शेती उभी राहिली. बंदिस्त पाण्यात तो आपण होऊन वीण घालत नाही. हॅचरीत माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घेतली जातात आणि पिल्लं मोठ्या संख्येने निघतात. शोभेच्या माशांच्या दुकानात तो इतका स्वस्त मिळतो त्याचं कारण हेच. शेततळ्यात सोडायचंच बीज तिथे प्लास्टिकच्या पिशवीत भरून येतं. विचित्र योगायोग म्हणजे इकडे तलावांमध्ये टनावारी पिकणारा हा मासा त्याच्या मूळ नद्यांमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

पूर्ण वाढलेला पंगस १३० सेंटीमीटर, म्हणजे सव्वाचार फूट लांब आणि ४४ किलो वजनाचा नोंदला गेला आहे. घरात तो तेवढा होत नाही. पण मत्स्यशेतीत आठ-दहा महिन्यांत किलोभर होणारा मासा आहे हे लक्षात ठेवलं, तर दोन फुटी टाकीत त्याचं काय होणार याचा अंदाज येतो. लहानपणीचे चंदेरी पट्टे वाढीबरोबर पुसट होतात आणि मासा राखाडी, काहीसा बेढब दिसू लागतो. ज्या रूपासाठी तो आणला तेच राहत नाही. पांढरा, लाल डोळ्यांचा ‘अल्बिनो शार्क’ हाही हाच.

त्याचा स्वभावही छोट्या टाकीच्या विरुद्ध आहे. नदीत तो थव्याने राहतो आणि विणीसाठी लांबचा प्रवास करतो. एकटा ठेवला तर घाबरट होतो. खोलीतला दिवा अचानक लावला, दार आपटलं, लहान मुलाने काचेवर टकटक केली, की सुसाट सुटतो आणि काचेवर आपटतो. नाकाडावरची सोललेली, लाल झालेली जागा ही पंगस ठेवलेल्या टाकीतली नेहमीची खूण. काही वेळा धडकेनंतर तो तळाशी आडवा पडून राहतो. मालकाला वाटतं मेला. थोड्या वेळाने पुन्हा पोहायला लागतो. हे नाटक नाही, घाबरून गारठणं आहे.

सकर : सफाई कामगार नव्हे

सकर, प्लेको, सकर माऊथ अशी याची नावं. दुकानात जो सर्रास मिळतो तो टेरिगोप्लिक्थिस या दक्षिण अमेरिकी गटातला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कडक पट्ट्यांचं चिलखत, पाठीवर शिडासारखा उंच पर आणि खालच्या बाजूला चोखणीसारखं तोंड. वाढ सव्वा ते दीड फुटापर्यंत, काही जाती त्याहून थोड्या मोठ्या. आयुष्य दहा वर्षांहून अधिक. खाणं बरं मिळालं तर वर्षा-दीड वर्षात तो वीतभर होतो.

‘याला वेगळं खायला घालावं लागत नाही, घाण खातो’ हे विक्रीचं वाक्य आहे. सकर काचेवरचं शेवाळ खरवडून खातो, तेही लहान असताना जास्त. माशांची विष्ठा तो खात नाही. उलट दिवसभर चरणारा हा मासा दोऱ्यासारखी लांबलचक विष्ठा टाकत राहतो आणि टाकीतली घाण वाढवतो. दोन फुटी टाकीतलं शेवाळ तो काही दिवसांत संपवतो. त्यानंतर केवळ त्याच्यावर सोपवलेला सकर उपाशी राहतो. पोट आत गेलेला, डोळे खोल गेलेला सकर दुकानातच दिसला तर तो घेऊ नये.

भुकेला आणि मोठा झालेला सकर रात्री दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो. गोल्डफिश, डिस्कस, एंजल असे रुंद अंगाचे, संथ मासे त्याला सापडतात. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर तो खरवडून खातो. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर गोल पांढुरके डाग दिसले तर औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी रात्री दिवे घालवून तासाभराने बॅटरीच्या उजेडात टाकी बघावी.

त्याला खायला द्यायचं ते रात्री, दिवे बंद झाल्यावर. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, काकडी किंवा दुधीची चकती, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. चकती बुडावी म्हणून स्टीलच्या चमच्यात खोचून ठेवतात, ही युक्ती छान चालते. उरलेला तुकडा सकाळी काढून टाकायचा. टाकीत पाण्यात मुरलेल्या लाकडाचा ओंडका असला तर तोही तो खरवडतो.

‘टाकीएवढाच मासा वाढतो’

हे वाक्य दुकानात, नातेवाइकांत, सगळीकडे ऐकू येतं. त्यात पाव भाग निरीक्षण आहे आणि पाऊण भाग गैरसमज. लहान टाकीतला मासा खुंटतो हे दिसतं. पण टाकीची लांबी मोजून तो स्वतःला आवरत नाही. साचलेली घाण, कमी प्राणवायू, सततचा ताण आणि निकृष्ट खाणं यांनी त्याची वाढ अडते, पाठीचा कणा वाकडा होतो, प्रतिकारशक्ती जाते, आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा मासा दोन-तीन वर्षांत मरतो. लवकर मेल्यामुळे तो मोठा झालेला कुणी बघत नाही आणि वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं.

मुख्य अडचण लांबीची नसून वजनाची आहे. मासा सगळ्या बाजूंनी वाढतो. दोन इंचांचा मासा बारा इंचांचा झाला तर लांबी सहापट होते, पण वजन साधारण सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे दोनशेपटीच्या वर जातं. खाणं आणि त्यातून पाण्यात जाणारी घाण तंतोतंत त्याच पटीत नसली तरी त्याच दिशेने वाढते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साचत जातं आणि पाणी बदलल्याशिवाय हटत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५-५० लिटर. एवढ्या पाण्यात फूटभर लांबीचा मासा म्हणजे सार्वजनिक नळावरच्या एका बादलीत अख्ख्या वाड्याची धुणी.

पंगस आणि सकर दोघांनाही पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते. म्हणून घाण पाण्यातही ते तग धरतात आणि ‘चिवट’ म्हणून नाव कमावतात. रात्री वीज जाऊन एअर पंप बंद पडला की सकाळी आधी मरतात ते बिचारे टेट्रा आणि मॉली. जबाबदार असलेला मोठा मासा मात्र ठणठणीत असतो, त्यामुळे दोष दुकानदाराच्या ‘कमजोर’ टेट्रांवर जातो.

मग किती मोठी टाकी?

साधा आडाखा असा की टाकीची रुंदी निदान पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीइतकी हवी, नाहीतर त्याला वळता येत नाही, आणि लांबी त्याच्या तीन-चारपट. या हिशोबाने एका सकरला पाच-सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकी लागते. हे महाग आहे, अशक्य नाही. पंगसचं गणित मात्र घरात बसत नाही. आठ फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच टाकी घेतली तर तिच्यात सुमारे २,७०० लिटर पाणी मावतं, म्हणजे पावणेतीन टन. काच आणि लोखंडी स्टँड वेगळे. जमिनीवर हा भार चौरस मीटरला ९०० किलो पडतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास आहे. अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर अशी टाकी बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागेल. आणि एवढं करूनही ती जागा एका पंगसला कशीबशी. थवा ठेवायचा तर तलावच हवा.

थोडक्यात, पंगस घरच्या टाकीसाठी घेऊच नये. सकर घ्यायचा तर मोठ्या टाकीची तयारी आधी असावी, ‘पुढे बघू’ नको.

आणखी काही फसवे पाहुणे

रेड टेल कॅटफिशचं पिल्लू सगळ्यांत मोहक. काळी पाठ, पांढरा पट्टा, नारिंगी शेपूट आणि लांब मिशा. तो अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांमधला, चार फुटांच्या वर जाणारा मासा आहे. तोंडात मावेल ते गिळतो : सोबतचे मासे, वाळूतले गोटे, कधी फिल्टरचा तुकडाही. पहिल्या वर्षातच फूट-दीड फूट होतो. त्याला जिवंत गोल्डफिश खायला घालण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. त्या खाण्याने रोग येतात आणि मासा कुपोषितही होतो, कारण गोल्डफिशच्या मांसात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. चपट्या तोंडाचा टायगर शोव्हेलनोज आणि या दोघांचा संकर हेही त्याच मापाचे.

काही दुकानांत पांढरा किंवा डागाळलेला, चार जोड्या मिशांचा मांगूर शोभेसाठी येतो. आफ्रिकन मांगूर म्हणजे क्लॅरियस गॅरिएपिनस. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकणारा, दिसेल ते खाणारा हा मासा टाकीत ठेवायचा विषयच नाही.

‘उलटा पोहणारा कॅटफिश’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांत दोन जाती मिसळलेल्या असतात. सायनोडॉन्टिस निग्रिव्हेन्ट्रिस चार इंचांच्या आत राहतो आणि खरोखर पोट वर करून पोहतो. सायनोडॉन्टिस युप्टेरस वीतभर किंवा जास्त होतो, मोठा झाल्यावर भांडखोरही. लहानपणी दोघे सारखेच दिसतात. आणि नदीतून हौसेने धरून आणलेली शिंगटी टाकीत टाकली तर ती रात्रीत गप्पी संपवते. हातात धरली तर काटाही मारते. तिची जागा नदीतच.

दुकानात ओळखायचं कसं

मोठा होणारा सकर आणि चार-पाच इंचांवर थांबणारा ब्रिसलनोज म्हणजे आन्सिस्ट्रस हे दोघे दीड इंची असताना सारखे दिसतात, आणि दुकानात दोघांनाही ‘सकर’च म्हणतात. फरक पाठीवरच्या परात आहे. मासा काचेवर चिकटलेला असताना पर उभा होईपर्यंत थांबावं आणि पुढचा जाड काटा सोडून बाकीच्या काड्या मोजाव्यात. सात असल्या तर बहुधा ब्रिसलनोज. नऊ किंवा त्याहून जास्त असल्या, बहुतेक वेळा अकरा ते तेरा असतात, तर तो दीड फुटी सकर. परावर बिबट्यासारखे ठिपके आणि शिडासारखी उंची हीही त्याचीच लक्षणं. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून मोजणं सोपं जातं. ब्रिसलनोज नराच्या तोंडावर पुढे मांसल धुमारे फुटतात. मादीला ते नसतात किंवा अगदी आखूड असतात, त्यामुळे केवळ धुमाऱ्यांवर विसंबू नये.

मिशीवाल्या माशांची हौस लहान टाकीतही भागते. कोरीडोरस, ज्याला दुकानात ‘कोरी’ म्हणतात, दोन-अडीच इंचांचा, दिवसा फिरणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा मासा. तो सहा-आठांच्या गटातच ठेवावा आणि तळाला बारीक, बोथट वाळू असावी. टोकदार खड्यांवर त्याच्या मिशा झिजतात. काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश तीन इंचांचा, त्यालाही सोबत लागते. दीड-दोन इंची ओटोसिन्क्लस शेवाळ खरंच खातो, पण नव्या टाकीत उपाशी मरतो. टाकी सहा महिने जुनी झाल्यावरच आणावा. ब्रिसलनोज अडीच-तीन फुटी टाकीत एक पुरे. वास्तूच्या हिशोबात ‘एक काळा मासा’ हवा असेल तर काळी मॉलीदेखील काळीच असते.

वाढून बसलाय, तोवर काय

बरेच वाचक इथवर येईपर्यंत घरातल्या टाकीकडे बघत असतील. मोठा मासा आधीच घरात असेल तर दुसरी सोय होईपर्यंत पाणी सांभाळणं हे पहिलं काम. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदलणं नेहमीच्या टाकीला पुरतं; इथे दोनदा, तिसरा भाग बदलावा लागतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर उपयोगी जिवाणू क्लोरीनने मरतात. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

पंगसला खवले नसतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची मॅलकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा तांब्याची औषधं त्याला पूर्ण मात्रेत सोसत नाहीत. अर्ध्या मात्रेने सुरुवात करतात. बेळगावच्या थंडीत, आणि ग्वाल्हेर-इंदूरच्या तर नक्कीच, हीटर लागतो. या माशांना २४ ते २८ अंशांचं पाणी हवं. मात्र सकर गरम हीटरला चिकटून भाजून घेतो, म्हणून हीटरला जाळीचं आवरण घालावं. टाकीला झाकण हवंच.

तळ्यात सोडणं : प्रश्न घराबाहेर ढकलणं

‘जीव आहे, मोकळा करू’ या भावनेने मासा तलावात, देवळाच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडला जातो. भावना समजण्यासारखी आहे, परिणाम नाही. दोन माशांचा धोका मात्र सारखा नाही. पंगसला विणीसाठी लांब वाहती नदी लागते. सोडलेला एकटा पंगस बहुधा एकटाच मरतो, जाताना स्थानिक मासे खाऊन. सकरचं तसं नाही. तो आपल्या पाण्यात रुजतो.

सकर नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं खणतो, मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. काचेच्या टाकीत माती नसल्याने तिथे तो वीण घालत नाही, आणि म्हणून ‘आपला एकच तर आहे’ असं वाटतं. बाहेर तळ्याचे बांध त्या बिळांनी पोखरले जातात. चिलखतामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. इतर माशांचं शेवाळ तो संपवतो, तळाशी घातलेली अंडीही खातो. जाळ्यात आला की परांचे काटे ताठ करतो. जाळं फाडूनच सोडवावं लागतं, आणि बाजारात त्याला किंमत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर येऊ लागला त्याला आता काही वर्षं झाली. उजनीच्या पोटातली भीमा पुढे विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतून जाऊन कृष्णेला मिळते, त्यामुळे ही डोकेदुखी एका राज्याची राहत नाही. सांगलीकडून येणारी कृष्णा चिकोडी-अथणीतून जाते, खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई गोव्यात उतरते, दोडामार्गची तिळारीही गोव्यालाच जाते. एका गावच्या ओढ्यात सोडलेला मासा पुराच्या पाण्याबरोबर दुसऱ्या राज्याच्या मत्स्य खात्याच्या कागदावर चढतो. आंध्र-तेलंगणातल्या तलावांमध्ये त्याचा उपद्रव मोठा आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी तर केवळ पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून हा मासा त्या तलावात आहे का, हे ओळखण्याची पद्धत तयार केली आणि पूर्व घाटातल्या पाणवठ्यांवर ती वापरली. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत तो सापडला, तेव्हा बातमी देशभर झाली.

मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयातल्या मच्छीमारांचा अनुभव याहून वाईट आहे. तिथली मासेमारी चिलापीवर चालायची. सकर आला आणि जाळ्यांत बहुतांश तोच भरू लागला. चिलापी स्वतः तिथली परकी. परक्याला परक्याने हटवलं, नुकसान मात्र स्थानिक कुटुंबांचं झालं.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने परदेशी आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पण दुकानाच्या काउंटरवर कायदा पोहोचायला वेळ लागतो.

सोय कुठे लावायची

पहिला पर्याय ज्या दुकानातून घेतला ते दुकान. पैसे मिळणार नाहीत, बदल्यात दोन मॉलीही मिळणार नाहीत कदाचित. पण मोठ्या टाकीवाल्या गिऱ्हाइकांची माहिती दुकानदाराकडेच असते. शहरोशहरी हौशी पाळणाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात, त्यात फोटो आणि लांबी टाकून विचारावं. सार्वजनिक मत्स्यालयं क्वचितच घेतात. त्यांच्याकडे आधीच असे दान आलेले मासे भरपूर असतात.

शेततळ्याचा पर्याय अनेकांना सुचतो. प्लास्टिक अंथरलेलं, पावसात न ओसंडणारं, ओढ्याला न जोडलेलं शेततळं असेल आणि मालकाला काय येतंय ते माहीत असेल तर पंगस तिथे राहू शकतो. मातीच्या काठाच्या तळ्यात सकर कधीही नको. विहीर म्हणजे बंद पाणी असं वाटतं, पण भरल्या पावसाळ्यात काठोकाठ भरणाऱ्या विहिरी सीमाभागात कमी नाहीत.

पंगस खाण्याचा मासा असला तरी टाकीतला खाऊ नये. त्याच्या पाण्यात पडलेली औषधं माणसाच्या पोटासाठी नसतात. काहीच सोय लागली नाही आणि मासा आजारी, वाकलेला, हाल सोसत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने मोजक्या लवंग तेलात गुंगी देऊन त्याला मरण देणं हे कालव्यात फेकण्यापेक्षा दयेचं आहे. संडासात ओतणं किंवा जिवंत फ्रीझरमध्ये टाकणं यांत दया नाही.

मासा न्यायच्या आदल्या दिवशी खायला देऊ नये, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. सकर जाळीने धरू नये. काटे जाळीत अडकतात, ओढाताणीत मोडतात आणि हातालाही लागतात. रुंद तोंडाचा डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला हळूच लोटावं. पिशवीत भरला तर काट्यांनी पिशवी फुटते, म्हणून झाकणाची बादली घ्यावी. पाणी टाकीतलंच, बादलीच्या निम्म्यापर्यंत, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. पंगससाठी मोठा ड्रम आणि वर जाड कापड लागतं. अंधारात तो शांत राहतो, उजेड दिसला की उसळी मारतो. गाडीत ठेवताना झाकणावर काहीतरी जड ठेवून ते दोरीने बांधावं.